माशाचं अंडं गोठवता का येत नाही?

दुर्मीळ माशांची ‘अंडी गोठवून ठेवणार’ अशा मथळ्याची बातमी अधूनमधून वाचायला मिळते. वाचताना डोळ्यांसमोर चित्र उभं राहतं ते असं: पांढरी वाफ सोडणारी एक टाकी, टाकीत ओळीनं उभ्या केलेल्या नळ्या आणि नळ्यांत अंडी. उद्या तो मासा नाहीसा झालाच तर नळी काढायची, कोमट पाण्यात धरायची, पिल्लं तयार. यातली टाकी खरी आहे, नळ्याही खऱ्या आहेत. माशाची अंडी मात्र त्या नळ्यांत नसतात.

माशाचं अंडं गोठवावं, हवं तेव्हा वितळवावं आणि त्यातून मासे वाढवावेत, हे रोजच्या कामासारखं आजही कुणाला जमलेलं नाही. ऐकणारा इथे चक्रावतो. उंदराचे भ्रूण १९७२ मध्येच गोठवून पुन्हा जिवंत करून झाले. गोठवून ठेवलेल्या भ्रूणापासून माणसाचं पहिलं मूल १९८४ मध्ये ऑस्ट्रेलियात जन्मलं. स्त्रीबीज गोठवून ठेवण्याची सोय आता कितीतरी दवाखान्यांत आहे. मग माशाच्या अंड्यानंच काय घोडं मारलं?

उत्तर अंड्याच्या रचनेत आहे. आणि त्या अडचणीला वळसा घालायची जी वाट सापडली, ती मला मूळ कल्पनेपेक्षाही अजब वाटते.

गार ठेवणं वेगळं, गोठवणं वेगळं

आधी एक गल्लत दूर करू. १८६४ मध्ये ‘नॉरफोक’ नावाचं शिडाचं जहाज इंग्लंडहून सॅल्मन आणि ट्राउट माशांची अंडी घेऊन ऑस्ट्रेलियाला पोचलं. प्रवास सुमारे तीन महिन्यांचा, वाटेत उष्ण कटिबंध. अंडी ओल्या शेवाळात गुंडाळून बर्फाच्या कोठीत ठेवली होती. बरीचशी वाटेत मेली, पण जगली ती टास्मानियात नेऊन उबवली गेली, आणि तिकडच्या नद्यांतल्या ट्राउटची सुरुवात तिथून झाली.

ही अंडी गोठवलेली नव्हती. शून्याच्या जरासं वर ठेवल्यानं आतल्या जिवाची वाढ मंदावली होती, एवढंच. थंड पाण्यातल्या माशांची अंडी असं गारेगार राहणं सोसतात, त्यामुळे आजही ती अशीच देशोदेशी पाठवली जातात. पण हे घड्याळ हळू चालवण्यासारखं झालं. काही आठवडे किंवा महिने मिळतात, वर्षं मिळत नाहीत.

घड्याळ बंदच करायचं तर द्रवरूप नायट्रोजन लागतो. त्याचं तापमान उणे १९६ अंश सेल्सिअस. तिथे पेशीतल्या रासायनिक क्रिया जवळजवळ थांबतात. वर्ष गेलं काय नि पन्नास वर्षं गेली काय, फारसा फरक पडत नाही. यालाच क्रायोप्रिझर्वेशन म्हणतात. आपण त्याला ‘अतिशीत जतन’ म्हणू. साध्या फ्रीजरच्या उणे अठरा अंशांवर हे साधत नाही. तिथल्या गाबोळीतली अंडी गोठलेली असतात खरी, पण मेलेली असतात.

खरा वैरी बर्फ

पेशी म्हणजे बहुतांशी पाणी. पाण्याचं बर्फ झालं की ते सुमारे नऊ टक्के फुगतं, आणि बर्फाचे स्फटिक पेशीच्या नाजूक पडद्यांना भोसकतात. तेव्हा गोठवण्यातलं सगळं कसब एकाच गोष्टीत आहे: पेशीच्या आत बर्फ होऊ द्यायचा नाही.

त्यासाठी पेशीतलं बरंचसं पाणी बाहेर काढायचं आणि त्याच्या जागी बर्फ होऊ न देणारं एखादं रसायन भरायचं. या रसायनाला आपण ‘गोठणरक्षक’ म्हणू. ग्लिसरॉल हे त्यातलं जुनं. त्याचा शोध १९४९ मध्ये इंग्लंडमध्ये लागला, तोही घोळातून. कोंबड्याचं वीर्य गोठवण्याचे प्रयोग चालू होते. साखरेचं द्रावण समजून जी बाटली वापरली तिच्यात भलतंच काही होतं, आणि वीर्य जिवंत राहिलं. बाटलीत काय आहे ते तपासलं तर ग्लिसरॉल निघालं.

रक्षक पुरेसा भरला आणि थंडी झटक्यात दिली, तर पाण्याला स्फटिक करायला वेळच मिळत नाही. ते काचेसारखं घट्ट होतं. साखरेचा दाट पाक निवांत निवू दिला तर खडे धरतात, आणि एकदम गार केला तर पारदर्शक, काचेसारखी चकती होते, तसंच हे. स्त्रीबीज हल्ली असंच ‘काचवून’ ठेवतात.

रुमाल आणि गोधडी

आता माप घेऊ. स्त्रीबीज साधारण एक दशांश मिलिमीटर रुंद असतं. प्रयोगशाळांचा लाडका, बोटाच्या पेराएवढा झेब्राफिश. त्याचं अंडं ०.७ मिलिमीटर. फरक किरकोळ वाटतो, पण घनफळ काढलं तर ते जवळजवळ साडेतीनशे पट भरतं. सॅल्मनचं अंडं पाच-सहा मिलिमीटर, वाटाण्याच्या दाण्यासारखं. ते स्त्रीबीजाच्या सव्वा लाख पट किंवा त्याहूनही जास्त.

रुमाल आणि गोधडी एकाच उन्हात वाळत घाला. रुमाल बघता बघता वाळतो. गोधडी वरून सुकली तरी संध्याकाळपर्यंत आतून ओलीच. वस्तू जितकी मोठी आणि भरीव, तितकं तिच्या आतल्या मालाच्या मानानं बाहेरचं अंग कमी, आणि पाण्याला बाहेर पडायला वाट त्या अंगातूनच. अंड्यातलं पाणी निघेपर्यंत आणि रक्षक मध्यापर्यंत पोचेपर्यंत कडेच्या भागाला त्याच रक्षकाची बाधा होते, कारण ही रसायनं जास्त वेळ राहिली तर विषारीच. उष्णतेचंही तेच. कड गोठते तेव्हा मध्य गोठलेला नसतो.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण माशाचं अंडं नुसतं मोठं नाही, ते कडेकोट बंद आहे. गोड्या पाण्यात घातलेल्या अंड्याची अवस्था आठवून बघा: आत क्षार, बाहेर जवळपास क्षारहीन पाणी. साधी पेशी अशा पाण्यात ठेवली तर पाणी आत घुसून ती फुटेल. अंडं फुटत नाही, कारण पाण्यात पडल्यावर थोड्याच वेळात त्याचं बाहेरचं कवच कडक होतं आणि आतला पडदा पाण्याला जवळजवळ वाटच देत नाही. लाखो वर्षं ज्या गुणानं मासे तगले, तोच गुण गोठवणाऱ्याच्या आड येतो. पाणी आत येत नाही तसं बाहेरही जात नाही, आणि रक्षकालाही दार बंद.

कसंबसं हे दार ओलांडलं तरी आत दुसरी खोली आहे. फळलेल्या अंड्यात वाढणारा जीव एका बाजूला आणि बलकाचा मोठा गोळा दुसऱ्या बाजूला. त्या बलकाभोवती पेशीद्रव्याचा स्वतःचा वेगळा थर. रक्षक जिवापर्यंत पोचतो, बलकात शिरत नाही. बलकात बर्फ धरला की सगळंच गेलं. भरीस भर म्हणजे उष्ण पाण्यातल्या कित्येक माशांचे कोवळे भ्रूण बर्फाची वाटही बघत नाहीत. नुसत्या शून्याजवळच्या थंडीनंच दगावतात.

सोन्याच्या काड्या आणि लेसरचा झटका

हे दार उघडण्यासाठी अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेतल्या संशोधक मेरी हेगेडॉर्न यांनी वर्षानुवर्षं खटपट केली आहे. २००२ च्या सुमारास त्यांच्या गटानं झेब्राफिशच्या भ्रूणात पाण्याला वाट देणारी प्रथिनं बसवून पाहिली, म्हणजे बंद भिंतीला नळच काढले. पाण्याची ये-जा वाढली, पण काम पुरं झालं नाही.

मग सरळ सुईचा मार्ग धरला: रक्षक टोचून आत भरायचा. त्यानं गोठवणं जमू लागलं, तर अडचण दुसऱ्या टोकाला निघाली. वितळवताना. काचेसारखं झालेलं पाणी गरम होत असताना एका टप्प्यावर पुन्हा स्फटिक धरायला बघतं. तो टप्पा इतक्या झपाट्यानं ओलांडावा लागतो की कोमट पाण्यात बुडवणं म्हणजे फारच रेंगाळणं ठरतं.

मिनेसोटा विद्यापीठातल्या जॉन बिशॉफ यांच्या गटाबरोबर यावर जो तोडगा निघाला तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. रक्षकाबरोबरच सोन्याच्या अतिसूक्ष्म काड्या भ्रूणात टोचायच्या. केसाच्या जाडीचा हजारावा भाग घ्या, या काड्या तेवढ्या किंवा त्याहूनही लहान. गोठलेल्या भ्रूणावर एका मिलिसेकंदापुरता लेसर सोडायचा. सोनं प्रकाश शोषतं, तापतं आणि भ्रूण आतून, सगळीकडून एकदम वितळतो. तापण्याचा वेग मिनिटाला एक कोटी अंशांहून जास्त भरतो (तेवढी अंशांची मजल अर्थात कुणी मारत नाही, कारण सगळा खेळ सेकंदाच्या हजाराव्या भागात आटोपतो). त्या प्रयोगात दहातला साधारण एक भ्रूण पुढचा दिवस बघू शकला. २०२० मध्ये याच पद्धतीनं वितळवलेले झेब्राफिश मोठे झाले आणि त्यांनी स्वतः अंडी घातली.

म्हणजे तत्त्वतः जमलं. पण विचार करा: मोठ्या जातीच्या कार्प माशाची मादी वजनाच्या दर किलोमागे लाखभर अंडी देते. त्यातल्या एकेका अंड्याला सूक्ष्मदर्शकाखाली सुई टोचायची, सोनं भरायचं, लेसरखाली धरायचं आणि दहातलं एक जगवायचं. प्रयोगशाळेत मौल्यवान वाणासाठी हे ठीक आहे. मत्स्यबीज केंद्रासाठी हा मार्ग नाही, आणि वाटाण्याएवढ्या सॅल्मनच्या अंड्याची बात तर अजून दूरच आहे.

नराचं मात्र सोपं

मग त्या नळ्यांत असतं काय? बहुतेक वेळा नराचं वीर्य. शुक्रपेशी चिमुकली, जवळजवळ कोरडी, बलकाचं ओझं नाही. गोठवायला तिच्यासारखी गुणी पेशी नाही. १९५३ मध्ये जॉन ब्लॅक्स्टर यांनी हेरिंग माशाचं वीर्य गोठवून दाखवलं. त्यांची गरजही मजेशीर होती. हेरिंगच्या एका गटाचा विणीचा हंगाम वसंतात, दुसऱ्याचा शरदात. या दोघांचा संकर करायचा तर एकाचं वीर्य काही महिने थोपवून धरणं भाग होतं. आज दोनशेहून अधिक जातींच्या माशांचं वीर्य असं साठवता येतं.

माशाच्या वीर्यात एक खुबी आहे. ते नराच्या अंगात निपचित असतं. पाणी लागलं की शुक्रपेशी जाग्या होतात, आणि गोड्या पाण्यातल्या बहुतेक माशांत मिनिटभर, फार तर दोन मिनिटं धावून संपतात. म्हणून वीर्य गोळा करताना नराचं अंग कोरडं पुसून घ्यावं लागतं. पाण्याचा थेंब लागला की साठवण्याआधीच ते खर्च झालं. मग त्याला झोपेतच ठेवणाऱ्या क्षारद्रावणात रक्षक मिसळतात, बारीक नळ्यांत भरतात आणि नायट्रोजनमध्ये सोडतात.

मासे पाळणाऱ्याला यातून बरंच मिळतं. नर-मादी एकाच वेळी तयार नसणं ही नेहमीची डोकेदुखी टळते. चांगल्या वाढीचा नर मेला तरी त्याचा वाण टिकतो. रोगराईत तळ्यातले सगळे प्रजनक मासे गेले, तर निदान निम्मा वारसा शिल्लक राहतो.

निम्मा! खरी मेख इथेच आहे.

मग आई आणायची कुठून?

जातीतल्या माद्याच संपल्या तर नुसतं वीर्य घेऊन काय करणार? एक उपाय असा की जवळच्या जातीचं अंडं घ्यायचं, किरणांचा मारा करून त्यातला स्वतःचा वारसा पुसायचा आणि गोठवलेल्या वीर्यानं ते फळवायचं. ट्राउटमध्ये हे करून झालं आहे. पण पिल्लं फार कमी जगतात, आणि पेशीतला जो थोडा वारसा फक्त आईकडून येतो तो त्या परक्या अंड्याचाच राहतो.

दुसरा उपाय टोक्योच्या सागरी विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठातल्या गोरो योशिझाकी यांचा. त्यांचा विचार असा: अंडं गोठत नसेल तर अंड्याच्या आधीची पायरी गोठवा. अंडी आणि शुक्रपेशी ज्यांच्यापासून बनतात त्या मूळ पेशी माशाच्या अंगात असतात. त्यांना ‘बीजपेशी’ म्हणू. त्या मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या, बलक नसलेल्या. गोठवायला अडचण नाही.

वितळवलेल्या बीजपेशी जवळच्या जातीच्या, नुकत्याच अंड्याबाहेर आलेल्या पिल्लाच्या पोटात टोचतात. त्या पिल्लाची रोगप्रतिकारशक्ती अजून जागी झालेली नसते, म्हणून ते परक्या पेशींना हाकलून लावत नाही. आणि या पेशी आपण होऊन सरपटत जातात, जिथे पुढे अंडाशय किंवा वृषण होणार त्या जागी मुक्काम ठोकतात. रस्ता त्यांना कुणी दाखवावा लागत नाही. पिल्लू मोठं होतं आणि दुसऱ्याच जातीची अंडी किंवा वीर्य देऊ लागतं. कावळ्याच्या घरट्यात कोकिळेचं पिल्लू वाढतं हे आपल्याला ठाऊक आहे. इथे पाहुणा घरट्यात नाही, थेट कावळिणीच्या कुशीत येऊन राहिला.

२००४ मध्ये जपानी मासू सॅल्मनकडून या रीतीनं ट्राउटची पिल्लं मिळाली. त्यात मासूच्या स्वतःच्या जननपेशीही मिसळलेल्या असत. म्हणून पुढे वांझ मासू घेतले. फळलेल्या अंड्याला योग्य वेळी उष्णतेचा किंवा दाबाचा धक्का दिला की गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच राहतात आणि मासा वांझ निपजतो. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अशा वांझ मासू जोडप्यांनी फक्त ट्राउटला जन्म दिला.

माझ्या मते सगळ्यात अवाक् करणारी गोष्ट याच्या मधल्या काळात कळली. नराच्या वृषणातल्या बीजपेशी मादी पिल्लात टोचल्या, तर त्यांची अंडी होतात. म्हणजे नराची पेशी आई होऊ शकते. २०१३ मध्ये याच गटानं ट्राउटचं अख्खं वृषण गोठवलं, वितळवलं, त्यातल्या बीजपेशी नर आणि मादी अशा दोन्ही पिल्लांत सोडल्या आणि दोहोंकडून मिळून पुन्हा ट्राउट मिळवले. आईकडून येणारा तो उरलेला वारसाही बीजपेशीत असतोच, त्यामुळे तोही हरवत नाही.

हा जनुकीय बदल आहे का?

नाही. बीजपेशीतल्या जनुकांना कुणी हात लावत नाही. ट्राउट निघतो तो सरळ ट्राउटच. दाई बदलते, वंश बदलत नाही. योशिझाकींना ही युक्ती मोठ्या ट्यूना माशासाठी वापरायची आहे. शेकडो किलोंचा, वयात यायला वर्षं घेणारा ट्यूना पाळण्यापेक्षा मॅकरेलसारख्या लहानग्या नातेवाईकाच्या पोटी ट्यूनाची अंडी तयार झाली तर जागा, खाद्य आणि वेळ सगळंच वाचेल. अजून ते संशोधन आहे, धंदा झालेला नाही.

टाकीत ठेवलं म्हणजे वाचलं का?

हा आक्षेप वाजवी आहे. नॉर्वेत १९७० च्या दशकात बाहेरून आणलेल्या मत्स्यबीजाबरोबर अर्धा मिलिमीटर लांबीचा एक परजीवी नद्यांत शिरला आणि सॅल्मनची पिल्लं मरू लागली. परजीवी संपवायचा तर नदीत औषध सोडून त्या नदीतले झाडून सगळे मासे मारावे लागत. म्हणून त्या देशानं जंगली सॅल्मनच्या वीर्याची पेढी उघडली, नदीवार. पण वीर्यातून नदी पुन्हा भरत नाही, त्याला अंडी लागतात. तेव्हा ठिकठिकाणच्या नद्यांतला सॅल्मन जिवंत सांभाळणारी केंद्रंही चालवावी लागली, आणि नदी स्वच्छ झाल्यावर मासे सोडले गेले ते त्या केंद्रांच्या आधारानं. नदी स्वच्छ झाली हे त्यातलं पहिलं काम. ते झालं नसतं तर पेढीतला माल सोडायचा कुठे?

शिवाय साठवण किती जणांची, हेही बघावं लागतं. पाच माशांच्या पेशींतून हजारो पिल्लं काढली तरी ती पाच घरांचीच भावंडं. टाकीतला वंश थांबलेला असतो. बाहेर पाणी तापतं, रोग बदलतात, त्यांच्याशी त्याची ओळख होत नाही. थंडीत माशाबरोबर त्याचे काही विषाणूही सुखरूप राहतात, त्यामुळे साठवण्याआधी तपासणी चुकवता येत नाही. एक भीती मात्र अनाठायी आहे: वीज गेली तर? टाकीला वीज लागत नाही. नायट्रोजन हळूहळू उडतो, तो वेळेवर भरणारा माणूस लागतो.

नेमकं काय साठवायचं?

ही सगळी हकीकत कळली की ‘अंडी गोठवा’ या मागणीचा अर्थ बदलतो. जाळ्यात दुर्मीळ मासा मेलेला सापडला तर त्याची अंडी जपायची धडपड व्यर्थ आहे. काही तासांच्या आत त्याच्या वृषणाचे किंवा कोवळ्या अंडाशयाचे बारीक तुकडे रक्षकात घालून गोठवता आले तर त्यात पुढची पिढी आहे. यासाठी मोठी प्रयोगशाळा जागेवर लागत नाही. रक्षकाच्या चार नळ्या, नायट्रोजनचं एक भांडं आणि ते वापरता येणारा माणूस लागतो.

चीनच्या यांगत्से नदीत, लांबलचक वल्ह्यासारखं तोंड असलेला एक प्रचंड मासा होता, चिनी पॅडलफिश. जानेवारी २००३ मध्ये तीन मीटरहून लांब असलेली एक मादी जाळ्यात सापडली. संशोधकांनी तिच्यावर संदेश देणारं यंत्र बसवून तिला परत सोडलं, आणि थोड्याच दिवसांत तिचा माग हरवला. त्यानंतर तो मासा जिवंत कुणाला दिसला नाही. २०२२ मध्ये तो अधिकृतपणे नामशेष जाहीर झाला. त्याचा जगात उरलेला एकमेव जवळचा नातेवाईक, अमेरिकी पॅडलफिश, आज चीनमध्येही तळ्यांत पाळला जातो. दोघांच्या वाटा कोट्यवधी वर्षांपूर्वी फुटल्या आहेत; एकाच्या बीजपेशी दुसऱ्याच्या पिल्लात रुजल्या असत्या का, हे करून बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. करून बघायला चिनी पॅडलफिशची एकही जिवंत पेशी कुठल्या टाकीत नाही.